काळ्यातली हजेरी

१

बापाने चौतीस वर्षं आगी विझवल्या आणि मुलगी पगार घेऊन आगी लावते, हा विनोद बंबवाल्यांनी इतक्या जणांना ऐकवला होता की ओळखीची माणसं त्यांना लांबून बघून रस्ता बदलत. न्हाव्याला ऐकवला, बँकेच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी बाईंना ऐकवला, दातांच्या डॉक्टरला तर तोंडात कापूस असताना ऐकवला. बायको म्हणायची, "अहो, पुरे आता! दृष्ट लावाल पोरीला." पण हे ऐकतील तर ना.

अग्निशमन दलात त्यांनी बंब चालवला, म्हणून ते बंबवाले. मुलगी एका अभयारण्यात गवताळ रानाची अधिकारी. तिचं काम ऐकून लोक हमखास चक्रावत. अभयारण्यात आणि आग? मग बंबवाले खुर्ची पुढे ओढून समजावून सांगत. जुनं गवत वाळून थरावर थर साचतो, खालचा नवा कोंब गुदमरतो, हरणांना चरायला काही उरत नाही, आणि एक दिवस कुणाच्या तरी विडीने सगळं रान एकदम जातं. त्यापेक्षा दिवस निवडून, वारा मोजून, रानाचा एकेक तुकडा आपणच जाळून घ्यायचा. "विझवायला पाणी लागतं," ते म्हणत, "पण पेटवून आवरायला डोकं लागतं. ते आमच्या ठमीकडे आहे."

ठमी हे घरातलं नाव. रानात सगळे तिला मॅडम म्हणत.

बंबवाल्यांना एकच गोष्ट आतल्या आत डाचायची. ते मुलीबद्दल गावभर बोलत. मुलगी बापाबद्दल कधी चकार शब्द बोलली नव्हती. राग वगैरे काही नाही, स्वभावच घुमा. मायलेकींची रोज फोनवर तासतास बडबड, आणि बाप फोनवर आला की "बरे आहात ना? बरं, ठेवते." त्यामुळे तिने आपणहून फोन केला तेव्हा बंबवाले उभेच राहिले.

"बाबा, शनिवारी जाळ आहे. मुख्यालयातले मोठे साहेब बघायला येणार आहेत. नीट पार पडलं तर माझी पद्धत सगळ्या अभयारण्यांत लागू होईल, आणि तिची प्रमुख मी. तुम्ही यायचंच."

"येतो की!" बंबवाले म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर ही बातमी बायकोला तीनदा सांगितली.

२

शनिवारी सकाळी ते हत्यारांच्या खोलीत स्टुलावर बसले होते. लांबट, पत्र्याच्या छताची खोली. एका भिंतीला पिवळी हेल्मेटं ओळीने टांगलेली, दुसऱ्या भिंतीशी फावडी आणि आग बडवायचे रबरी झोडपे. कोपऱ्यात बारीक चोचीचे लाल डबे होते. त्यांत तेल भरून चोच पेटवायची आणि चालता चालता जळते थेंब गवतावर सोडायचे. त्यांना इथे सगळे 'झारी' म्हणत. खोलीला डिझेलचा आणि जुन्या धुराचा वास होता. बंबवाल्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं.

मुलीने सात जणांना समोर उभं केलं आणि नियम सांगितले. आवाज न चढवता, एकेक शब्द खिळा ठोकल्यासारखा.

"दर पंधरा मिनिटांनी वॉकीवर हजेरी. मी पुकारणार, तुम्ही नंबर सांगायचा आणि कुठे आहात ते सांगायचं. वाळलेल्या गवतात असाल तर 'पिवळ्यात'. जळून गेलेल्या जमिनीवर असाल तर 'काळ्यात'. एकदा जळलेलं पुन्हा जळत नाही, म्हणून काळं म्हणजे सुरक्षित. काळ्यात म्हटलेल्या माणसाची कुणी काळजी करायची नाही. जो पिवळ्यात आहे, त्याच्याकडे लक्ष ठेवायचं. कळलं?"

"कळलं, मॅडम."

"माझा नंबर एक. पण मी बोलणार सगळ्यांच्या शेवटी. तुम्ही सगळे काळ्यात आल्याशिवाय मी स्वतःला काळ्यात म्हणणार नाही."

बंबवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. धूळ गेली म्हणून त्यांनी रुमाल काढला. मुलीने त्यांच्या हातात हेल्मेट, जाड हातमोजे आणि एक वॉकी दिला.

"बाबा, तुमचा नंबर नऊ. गाडीपाशी उभं राहायचं. आत यायचं नाही."

"अगं, चौतीस वर्षं..."

"बाबा."

"बरं बाई. नऊ तर नऊ."

दोन नंबरचा लंबू, मॅडमचा उजवा हात, हळूच हसला. "काका, आमची पण हीच गत आहे."

३

गवत छातीइतकं उंच होतं. चारी बाजूंनी गवत कापून मोकळी केलेली जाळरेषा, तिच्या एका कोपऱ्यात गाडी, गाडीपाशी वारा मोजणारे मास्तर, आणि दुर्बीण गळ्यात घातलेले साहेब. तासभर आधीच माणसांनी डबे वाजवत रान विंचरून हरणं पलीकडे हाकलली होती. सकाळचे अकरा वाजले होते. ऊन स्वच्छ होतं.

"हजेरी," वॉकीतून मुलीचा आवाज आला. "पेटवण्याआधीची."

"दोन, पिवळ्यात."

"तीन, पिवळ्यात."

अशी हजेरी आठपर्यंत आली. बंबवाल्यांनी वॉकी तोंडाशी धरला आणि अंगठ्याने बटण शोधू लागले. हातमोजा जाड, बटण एवढंसं. अंगठा अजून फिरतच होता, तेवढ्यात वॉकी बोलला.

"नऊ, काळ्यात."

आवाज त्यांचाच होता. सुरुवातीला घसा किंचित खरवडतो, तोही तसाच.

वॉकीवर हशा उसळला. "काका," लंबू म्हणाला, "अजून काडीसुद्धा ओढली नाही! काळं आणलंत कुठून?" साहेबही हसले. जाळरेषेवर उभ्या असलेल्या मुलीने मान वळवून बापाकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. लहानपणी वर्गात कुणी हसलं की व्हायचे तसे.

मी बोललो नाही, असं बंबवाले म्हणू शकले असते. पण मग कोण बोललं? मोठ्या साहेबांसमोर पोरीचा म्हातारा भ्रमिष्टासारखं काहीतरी बरळायला लागला तर तिच्या पद्धतीचं काय राहील? त्यांनी बटण दाबलं.

"चुकलो. नवीन भरती आहे, सांभाळून घ्या."

पुन्हा हशा झाला, पण आता प्रेमाचा. मुलीने "एक, पिवळ्यात" म्हणून झारीची चोच पेटवली. बंबवाले विचार करत राहिले. आपला आवाज यंत्रातून ऐकला की आपल्यालाच ओळखू येत नाही म्हणतात. मग हा ओळखू कसा आला? की बटण दाबलं गेलं होतं आणि आपणच बोललो? हल्ली आपण स्वतःशी बोलतो असं बायको म्हणतेच.

४

पुढचा पाऊण तास मात्र बंबवाल्यांच्या आयुष्यातला सोन्याचा होता. विचारू नका! मुलगी वाऱ्याच्या उलट्या बाजूने कडेकडेने चालत गेली आणि तिच्या मागे जळते थेंब पडत गेले. आग उभी राहिली, पण कशी? पाळलेल्या कुत्र्यासारखी, बस म्हटलं की बसणारी. धूर सरळ वर जात होता. आधी कडेचा पट्टा काळा झाला, मग आतला. रानाच्या मधोमध पिवळ्याची एक रुंद पट्टी तेवढी उरली. सारखं जाळलं होतं, कुठे डाग नाही, कुठे चट्टा नाही. बंबवाल्यांनी शेकडो आगी पाहिल्या होत्या. सांगितलेलं ऐकणारी आग ते पहिल्यांदा बघत होते.

"मास्तर, बघा, बघा," ते म्हणाले. "हिला पाच वर्षांची असताना मेणबत्तीची भीती वाटायची!"

दुसरी हजेरी झाली. आठ नंबर बोलला, आणि बंबवाल्यांचा अंगठा बटणावर टेकायच्या आत पुन्हा, "नऊ, काळ्यात."

या वेळी कुणी हसलं नाही, कारण गाडीपुढची जमीन आता खरंच काळी होती. उत्तर बरोबरच होतं. पण बंबवाल्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. बाकीच्या प्रत्येकाच्या आवाजामागे जळणाऱ्या गवताचा तडतडाट होता. नऊच्या मागे काहीच नव्हतं. बंद खोलीतून कुणी बोलावं, तसा तो आवाज कोरा होता.

तिसऱ्या हजेरीला त्यांनी आपल्या वॉकीची कळ फिरवून तो बंद केला आणि मास्तरांच्या शेजारी तोंड घट्ट मिटून उभे राहिले. मास्तरांच्या खांद्यावरचा वॉकी बोलला.

"नऊ, काळ्यात."

मास्तर वाऱ्याचे आकडे लिहीत होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. का पाहतील? काळ्यात म्हटलेल्या माणसाची काळजी करायची नाही, हा नियमच होता.

बंबवाल्यांनी स्वतःला समजावलं. दुसऱ्या कुठल्या अभयारण्याचा वॉकी याच लहरीवर येत असेल. तिथेही कुणी नऊ असेल. त्याचाही घसा बसलेला असेल. जगात योगायोग काय थोडे असतात? पण हे सगळं म्हणत असतानाच त्यांचे पाय मुलीकडे निघाले होते. ती नुकतीच गाडीपाशी पाणी प्यायला आली होती आणि साहेब तिच्याशी बोलत होते.

"मॅडम, या हजेरीचं मला फार कौतुक वाटतं. हिच्यामुळे माणूस हरवणं शक्यच नाही."

मुलगी बापाकडे बघून हसली. दहा वर्षांत ती बापाकडे बघून अशी हसली नव्हती.

"काय झालं, बाबा?"

तोंडाशी आलेलं सगळं बंबवाल्यांनी गिळलं. "काही नाही गं. पाणी हवं होतं."

५

बारा वाजून गेल्यावर वाऱ्याने किंचित कूस बदलली. फार नाही, पण मास्तरांनी हात वर केला. त्याच सुमारास साहेबांना दुर्बिणीतून मधल्या पिवळ्या पट्टीत काहीतरी हललेलं दिसलं. पाडस असेल.

"मी बघते," मुलगी म्हणाली. "त्याला हाकलून येते, मग शेवटची पट्टी पेटवू. लंबू, तोपर्यंत कुणी थेंब टाकायचा नाही." झारी घेऊन ती काळ्यातून चालत गेली आणि गवतात दिसेनाशी झाली. तिला काही होणार नव्हतं. आपली आग ती ओळखत होती.

सहा-सात मिनिटं गेली. वाऱ्याचा एक झोत आला आणि पट्टीच्या पलीकडच्या टोकाला विझत आलेली कड पुन्हा भडकली. तिला आता वारा पाठीशी मिळाला होता. धूर जमिनीला टेकला. आणि मास्तरांच्या खांद्यावरचा वॉकी बोलला.

"हजेरी. एक, काळ्यात."

मुलीचाच आवाज, शांत आणि ठाम. पाठोपाठ "दोन, काळ्यात," "तीन, काळ्यात" अशी सगळ्यांची रांग सुरू झाली. लंबूने सुस्कारा सोडला. "मॅडम बाहेर आल्या. जाऊ दे ती पट्टी, जळते तर जळू दे."

बंबवाल्यांनी लंबूचा दंड धरला.

"ती नाही," ते म्हणाले.

"काय, काका?"

"ती आधी कशी बोलेल? ती सगळ्यांच्या शेवटी बोलते! आणि आवाजामागे ऐकलंत का? काहीच नाहीये मागे! अरे, माझ्या नंबरावर सकाळपासून मी एकदाही बोललेलो नाही!"

लंबूने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी साहेबांकडे. साहेबांनी अगदी मायेने बंबवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा जरा सावलीत. ऊन फार आहे. त्या काळ्यात आहेत, आम्ही सगळ्यांनी ऐकलं ना."

हा हात झटकायला बंबवाल्यांना आयुष्यभराची भीड मोडावी लागली. सकाळीच मोडली असती तर? हे पुढे कितीदा तरी त्यांच्या मनात येणार होतं. आत्ता वेळ नव्हता. अग्निशमन दलात एकच शिकवलेलं असतं. आत माणूस आहे असं वाटलं की आत जायचं. त्यांनी हेल्मेट घट्ट केलं आणि राखेतून पळत सुटले. मागून लंबू ओरडला, आणि लगेच वॉकीवर त्याला कुणीतरी उत्तर दिलं, बंबवाल्यांच्या आवाजात. ते काय बोललं ते त्यांना ऐकू आलं नाही, पण मागे कुणी आलं नाही.

६

"ठमे!"

गवतात चार पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. उजवीकडून तडतडाट जवळ येत होता. त्यांनी आंधळ्यासारखे हात पुढे धरले आणि खोकल्याचा आवाज आला तिकडे वळले. एका ओघळीत मुलगी पडली होती. गवताने झाकलेला खड्डा. पाय घोट्यात पार वाकडा झाला होता. तिचा वॉकी कुठेतरी उडाला होता. झारी मात्र तिने छातीशी धरून ठेवली होती, चोच अजून पेटती.

"बाबा? तुम्ही कशाला आलात! मी किती हाका मारल्या, कुणी..."

"नंतर. उचलतो तुला."

"नाही. पोचणार नाही आपण." तिने आवाजाकडे कान दिला, वारा कुठून येतोय ते पाहिलं. डोळ्यांत भीती होती, पण गणित चुकत नव्हतं. "इथलं गवत पेटवा. वारा आपली आग पुढे नेईल. मागे काळं उरेल, त्यात शिरायचं. मोठी आग येईल तेव्हा आपल्यापाशी जळायला काही नसेल."

तिने झारी पुढे केली. बंबवाल्यांनी ती घेतली, पण ती वाकडी करवेना. चौतीस वर्षांत या हाताने एक कागदसुद्धा पेटवला नव्हता. घरात देवापुढची निरांजनंही बायको लावायची. पायाशी जखमी लेक, आणि स्वतःच्या हाताने आग लावायची?

"बाबा, पेटवा."

"अगं, पण..."

"पेटवा म्हणते ना! माझ्यावर विश्वास आहे की नाही?"

आहे. तेवढा एकच होता. त्यांनी झारी वाकडी केली. थेंब पडले, गवत भपकन उभं राहिलं आणि वाऱ्याबरोबर पुढे धावलं. ती गरम राख निवायची वाट न बघता त्यांनी मुलीला फरपटत त्या काळ्यात ओढलं, तिच्यावर आडवे झाले, आणि दोघांनी तोंडं जमिनीत खुपसली. मग मोठी आग आली. तिचा गडगडाट डोक्यावरून, दोन्ही अंगांनी गेला. शर्टाच्या पाठीला चरचरलं. आणि गेली.

ते जिवंत होते. बंबवाले राखेत तोंड घालून हसत होते आणि रडत होते. "शाब्बास! शाब्बास गं माझी वाघीण! काय डोकं आहे!"

कमरेचा वॉकी त्यांनी चालू केला, बटण दाबलं, आणि ओरडले, "आम्ही आत आहोत! पट्टीच्या मध्ये! पोरीचा पाय मोडलाय!"

लंबूचा आवाज आला, अगदी निवांत. "ऐकलं, काका. नऊ, काळ्यात."

मुलीने बापाकडे पाहिलं. तिने त्यांच्या हातातून वॉकी घेतला. "लंबू, मी बोलतेय. स्ट्रेचर घेऊन ये. ताबडतोब."

"ऐकलं, मॅडम. या सावकाश. आम्ही गाडीपाशीच आहोत."

७

धूर मधूनच फाटला. दोनशे-अडीचशे पावलांवर जाळरेषा, गाडी, माणसं दिसली. आणि काळ्यातून गाडीकडे चालत निघालेली दोन माणसं, पाठमोरी. पुढे पिवळ्या हेल्मेटातली बाई, पाय अगदी ठणठणीत. तिच्यामागे बंबवाल्यांच्याच सवयीने डावा हात कमरेवर ठेवून चालणारा एक म्हातारा. लंबू त्यांच्याकडे बघून हात हलवत होता. म्हाताऱ्याने मागे वळून पाहायला मान वळवली, आणि धूर पुन्हा मिटला. बंबवाले मनात म्हणाले, बरं झालं.

ते दोघे ओरडले, घसा फुटेस्तोवर ओरडले. वाऱ्याची दिशा उलटी होती.

मग वॉकीवर साहेब बोलले. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मुद्दाम वॉकीवर बोलले.

"मॅडम, अभिनंदन! वारा फिरूनही नऊच्या नऊ माणसं बाहेर, एकाच्याही अंगाला चटका नाही. सोमवारी मी ऑर्डर काढतो."

"थँक यू, सर." मुलीचा आवाज. मागे काहीही नसलेला. "पण खरं सांगू का? हे मी बाबांकडून शिकले. लहानपणी ते ड्युटीवरून घरी आले की मी विचारायची, आज किती जणांना बाहेर काढलंत? ते अंघोळीच्याही आधी, राखेने भरलेल्या हातांची बोटं धरून मोजून दाखवायचे. कुणाला विसरले नाहीत कधी. ही हजेरी म्हणजे ती मोजणी आहे. लोकांना वाटतं मी बोलत नाही. पण माझ्या बाबांसारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही."

टाळ्या ऐकू आल्या.

आणि काय सांगावं, राखेत बसलेल्या बंबवाल्यांची छाती फुगली. क्षणभरच, पण फुगली. तीस वर्षं ज्या शब्दांसाठी जीव तहानलेला होता ते कानांवर पडले, आणि ते कुणाच्या तोंडून येताहेत हे कळायच्या आधीच डोळे भरून आले. मग ते कळलं आणि त्यांना स्वतःची शिसारी आली.

मुलगी वॉकीकडे बघत होती. तिचा चेहरा राखेने भरला होता आणि त्यातून दोन ओघळ खाली उतरले होते.

"हे मी बोलणार होते, बाबा," ती म्हणाली. "आज, संध्याकाळी, तुम्ही निघताना. अगदी हेच. मनात जुळवून ठेवलं होतं. कुणालाच सांगितलं नव्हतं."

 बंबवाल्यांनी तिचा हात धरला.

"चला, आधी घरी जाऊ," वॉकीतली मुलगी म्हणाली. "आईला सांगायचंय."

"चल," वॉकीतले बंबवाले म्हणाले, घसा खरवडून. "दारातच बसली असेल."

गाडीची दारं लागली. इंजिन सुरू झालं. दोघांचेही मोबाइल गाडीतल्या डब्यात होते, आणि फाटक तीन किलोमीटरवर. बंबवाल्यांनी मुलीकडे पाठ केली आणि खाली बसले.

"बस पाठीवर. घट्ट धर."

"बाबा, तुमचा गुडघा..."

"मरू दे गुडघा!"

ती बसली. ते उठले, एकदा भेलकांडले, सावरले. राख पायांखाली अजून गरम होती. आवाजाच्या दिशेने ते आधी चालू लागले, आणि मग, चौसष्ट वर्षांचा माणूस, तीस वर्षांची लेक पाठीवर घेऊन धावू लागले.